शुक्रवारचा क्लॅश

"तुमच्याकडे किती आले, मॅडम?" धोटेंनी स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं.

"साडेचार हजारांच्या वर. अजून मोजतंय."

"बाप्पा! हॉस्पिटल आहे का टकरींचं गोदाम?"

"आणि तुमच्याकडे?"

"दीडशेच्या आत. ह्याचं थांबलं मघाच." ते उठले, मडक्यातलं पाणी प्याले आणि दुसरा पेला भरून माझ्या टेबलावर ठेवला. "मोजू द्या त्याला. तुमचं पुण्याचं सॉफ्टवेअर भिंतीवरच्या पालीलाही सोडत नसेल."

मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही. मी परीक्षक म्हणून गेले होते, आणि ज्याची परीक्षा घ्यायची त्याच्याशी पहिल्या दिवसापासून हसून बोलायचं नाही, अशी माझी आपली एक समजूत होती.

याला आता दहा वर्षं होत आली. आमच्या पुण्याच्या कंपनीने नागपूरची ही छोटी कंपनी त्याच्या दोन-अडीच वर्षं आधी विकत घेतली होती. काम दोघांचं एकच. इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरवर अख्खी उभी करायची. भिंती आणि बीम एकजण काढतो, पाण्याचे पाइप दुसरा, एसीचे डक्ट तिसरा, वायरींचे ट्रे चौथा. प्रत्येकजण आपापल्या जागी शहाणा असतो. सगळं एकत्र आणलं की कळतं, डक्ट थेट बीमच्या पोटातून गेलाय. असं जिथे होतं त्याला क्लॅश म्हणतात, आणि ते शोधायला सॉफ्टवेअर असतं. पुण्याचं एक होतं, नागपूरचं दुसरं. दोन्ही पोसायची कंपनीची तयारी नव्हती. तेव्हा आमचे संचालक गुप्ते यांनी मला बोलावून सांगितलं, "शरयू, तू जा. एकाच इमारतीवर दोन्ही चालव, तुलना करून अहवाल दे. ज्या ऑफिसचं सॉफ्टवेअर राहील, तिथेच क्लॅशचं काम राहील."

उरलेलं त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. पुण्यात आम्ही चाळीसजण होतो. नागपूरचं सॉफ्टवेअर नापास झालं की नागपूरच्या ऑफिसला कुलूप लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

त्या ऑफिसात दहा-बारा टेबलं होती आणि माणूस एक. बाकीचे कोणी पुण्याला आले, कोणी दुसरीकडे गेले. पद्माकर धोटे तेवढे राहिले होते. पन्नाशी उलटलेली, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन रायपूरला. रोज सकाळी आले की ते सगळी टेबलं पुसायचे, रिकामीसुद्धा. पहिल्या दिवशी मी विचारलं, "कोणी बसत नाही तर पुसता कशाला?"

"पुसलं नाही तर कोणी बसत नाही, असं दिसते न मग," ते म्हणाले.

तुलनेची पद्धत मीच ठरवली होती आणि तिचा मला थोडा गर्वही होता. वर्धा रोडवर एका ट्रस्टचं हॉस्पिटल नागपूरच्या ऑफिसने केलं होतं. ते बांधून, उद्घाटन होऊन, पेशंट दाखल होऊन चार-पाच महिने उलटले होते. त्याचं बांधकामाआधीचं मॉडेल दोन्ही सॉफ्टवेअरना द्यायचं, कोण काय शोधतं ते बघायचं, आणि मग प्रत्यक्ष हॉस्पिटलात जाऊन पाहायचं, की खरी अडचण कुठे झाली. बांधलेली इमारत कोणाची भीड ठेवत नाही.

दोन दिवस आम्ही याद्या ताडून पाहिल्या. आमच्या सॉफ्टवेअरला एकच गोष्ट येत होती: ज्याला जे चिकटेल ते दाखवायचं. भिंतीतून पाइप जातो, तिथे भोक ठेवायचं आधीच ठरलेलं असतं. पण आमचं सॉफ्टवेअर अशा प्रत्येक भिंतीशी गळा काढत होतं. धोटेंचं वेगळं होतं. त्याला नियम शिकवावे लागत, आणि धोटेंनी वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून ते शिकवले होते. विजेच्या पॅनलचं दार पूर्ण उघडलं पाहिजे. व्हॉल्व्हपाशी माणसाचा हात पोचला पाहिजे, हात म्हणजे पान्यासकट. फिल्टर काढून नेणाऱ्याला वळायला जागा हवी.

"इथे तर काहीच कशाला लागत नाही," एका ठिकाणी मी म्हटलं.

"लागत नाहीच. पण तिथे माणूस मावत नाही, मॅडम. तुमच्या सॉफ्टवेअरला माणूस माहीतच नाही."

मला ते झोंबलं, कारण खरं होतं. दुपारी त्यांनी डबा उघडला आणि न विचारता अर्धी भाकरी आणि वांग्याचं भरीत माझ्यापुढे सरकवलं. स्वतः केलेलं होतं. मी एरवी हॉटेलातून मागवलेलं काहीतरी स्क्रीनसमोर बसून गिळते. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी मी कोणासमोर तरी बसून जेवले, आणि भरीत बोटाने पुसून खाल्लं.

त्यांच्या यादीच्या अगदी शेवटी तो होता. तळघर, एसीच्या यंत्रांची खोली, गार पाण्याचा पाइप आणि बीम. माझा माउसवरचा हात थांबला. शेजारच्या खुर्चीत धोटेही हलेनासे झाले.

हा क्लॅश मला पाठ होता.

प्रत्येक क्लॅशखाली शेरा लिहायला जागा असते. एका ऑफिसने लिहायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, प्रश्न सुटला की बंद करायचं. शेऱ्यावर माणसाचं नाव येत नसे, फक्त गावाचं यायचं. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी 'नागपूर'ने लिहिलं होतं, "पाइप बीमला लागत आहे. कृपया पाहावे." पुण्याकडून उत्तर द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं, "पाहून कळवते." पुढच्या शुक्रवारी परत शेरा: "अद्याप लागत आहे. इकडे पारा फार चढला आहे." मी लिहिलं, "पाहते. इकडे ढग नुसते येऊन जातात." त्यानंतर शेरा एकही शुक्रवार चुकला नाही. पाइपचं एक वाक्य आणि मग काहीतरी दुसरं. "पाइप आहे तसाच. आज बाजारात हरभऱ्याचे घाटे आले." "पाहते. आमच्या सोसायटीची लिफ्ट बंद, चार मजले चढून आले." सुट्टी असली तरी शुक्रवारी मी ऑफिसात डोकावून जायचे. वारज्यात माझा एकटीचा फ्लॅट होता. घटस्फोटानंतर काही दिवस लोकांनी चौकशी केली, मग ते थांबले. घरी जे सांगायला कोणी नव्हतं ते मी तळघरातल्या एका पाइपखाली लिहीत होते. आई गेली त्या आठवड्यात मी एवढंच लिहिलं होतं, "उशीर झाला. आई वारली." त्याच दुपारी उत्तर आलं: "वाचले. पाइप घाईचा नाही. सावकाश पाहावे."

त्या वर्षात माझ्याशी इतकं नीट कोणीच बोललं नव्हतं.

नागपूरला येईपर्यंत मला वाटत होतं, हे लिहिणारं तिथे कोणीतरी असेल, दहा-बाराजणांतलं एक. दार उघडलं आणि माणूस एकच दिसला, तेव्हा मला कळायचं ते कळलं होतं. त्यांनाही कळलंच असणार. पण दोघंही मूग गिळून बसलो होतो.

"हा?" मी विचारलं.

"आहे तो. जुना आहे."

"उद्या हॉस्पिटलात बघू मग."

"बघू न," धोटे म्हणाले आणि खिडकीचा पडदा सारखा करायला उठले. पडदा सारखाच होता.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलची देखभाल पाहणारे सोनकुसरे शिडी घेऊन आमच्याबरोबर फिरले. बोलका माणूस. "या हो, बघा तुमचे प्रताप," म्हणत त्यांनी एकेक जागा दाखवली. दुसऱ्या मजल्यावर व्हॉल्व्हपर्यंत हात पोचेना म्हणून छताचा चौकोन कापून काढला होता. एका पॅनलचं दार अर्धंच उघडायचं, म्हणून इलेक्ट्रिशियन आत तिरका शिरायचा. धोटेंनी मॉडेलमध्ये दाखवलेली प्रत्येक जागा तिथे होती. त्या वेळी ठेकेदाराने घाई केली आणि कोणी ऐकलं नव्हतं. आमच्या साडेचार हजारांतले बहुतेक कुठे सापडलेच नाहीत. मिस्त्रीने पाइप बोटभर सरकवला होता आणि विषय संपला होता. मी पटापट लिहून घेत होते आणि आतून सुखावत होते. हा माणूस पास होणार, ऑफिस राहणार, हे मला दिसायला लागलं होतं.

मग आम्ही तळघरात उतरलो. सोनकुसऱ्यांना कोणीतरी फोनवर बोलावलं, तशी ते "आलोच" म्हणून वर गेले. खोलीत यंत्रांची घरघर होती. गार पाण्याचा पाइप काळं इन्सुलेशन लेवून छताजवळून गेला होता आणि वर बीम होता. दोघांच्या मधून माझं अख्खं डोकं गेलं असतं.

"यात कुठे काय लागतंय, धोटेसाहेब?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. "काही नाही लागत."

"मग?"

"आमच्या सॉफ्टवेअरमध्ये इन्सुलेशनची जाडी भरताना माझ्या हातून एक शून्य जास्त पडलं. कॉम्प्युटरला वाटलं, पाइप हत्तीच्या पायाएवढा आहे."

"हे लक्षात कधी आलं?"

"दुसऱ्या शुक्रवारी, शेरा लिहिल्यावर." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. "दुरुस्त करायला बसलो होतो, खोटं नाही सांगत. तेवढ्यात तुमचं उत्तर आलं ढगांचं. म्हटलं, पुढच्या वेळी करू."

मग तेच घाईने म्हणाले, "हसाल तुम्ही. इमारत बांधून झाली, लोक ॲडमिट होऊन राहिले, आणि हा माणूस अजून पाइप लागते म्हणून सांगून राहिला. पण दिवसभरात तिथे दुसरं कोणी नसते न, मॅडम. फोन वाजला तर तो पण चुकीचा नंबर असते."

"मीही त्याच शुक्रवारी मॉडेल उघडून पाहिलं होतं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथे क्लॅश नव्हताच. मला माहीत होतं."

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग बंद काहून नाही केला?"

"तुम्ही ते शून्य काहून नाही काढलं?"

यंत्रं घरघरत राहिली. मला एकदम फार हलकं वाटलं आणि त्याच वेळी इतकं रडू आलं, की मी पाइपकडे तोंड करून उभी राहिले. दोन वर्षं दोन मोठी माणसं एका पाइपच्या आडून बोलत होती, आणि समोरासमोर आल्यावर चार दिवस आम्हाला भरीत आणि भाकरीपलीकडे शब्द सुचला नव्हता. धोटे माझ्या पाठीशी तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "अहवालात हा लिहा बरं का. एक खोटा निघाला म्हणून."

"लिहिला तर गुप्ते तेवढंच धरून बसतील. तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतं म्हणतील."

"म्हणू द्या. हा लपवला तर बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवेल? आणि सॉफ्टवेअर नाही बोललं खोटं. मी बोललो."

ऑफिसात परत आल्यावर त्यांनी तो क्लॅश उघडला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. बंद पुण्यानेच करायचा असतो. मी लिहिलं, "प्रत्यक्ष पाहिले. अंतर आहे. बंद." आणि बटण दाबलं. लाल खूण हिरवी झाली. "झालं," धोटे म्हणाले आणि चहा टाकायला गेले. चहा फार गोड झाला होता. दोघांनीही तो पूर्ण प्यायला.

पुण्याला येऊन मी अहवाल लिहिला तो जीव ओतून. खोटा क्लॅश प्रामाणिकपणे नोंदवला, शून्याच्या चुकीसकट. पण बाकीचं असं मांडलं की नागपूरला तोड नव्हती. आमच्या आकड्यांचा फुगा मीच फोडला. धोटेंच्या नियमांवर पानभर लिहिलं, आणि शेवटी, कौतुकाची परमावधी म्हणून, हेही लिहिलं की हे सगळे नियम एका फाइलमध्ये मावतात आणि कुठल्याही इमारतीला जसेच्या तसे लावता येतात.

गुप्त्यांनी दोन दिवसांत बोलावलं. "एक नंबर अहवाल! नागपूरचंच घेऊ. आपलं बंद."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. "मग सर, क्लॅशचं काम आता धोटेंकडे..."

"धोट्यांकडून ती फाइल मागवून घे."

"फाइल?"

"नियमांची. तूच लिहिलंयस की, जशीच्या तशी लावता येते. मग त्या ऑफिसचं भाडं कशाला भरायचं?"

"सर, ते नियम त्यांनी बांधलेत. उद्या नवे लागले तर कोण बांधणार?"

"तू आहेस ना."

"त्यांना इकडे तरी बोलवा."

"इथेच माणसं जास्त झालीत, शरयू." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्चीतून उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू फार नीट काम केलंस. मला हेच पाहिजे होतं."

फोन मलाच करावा लागला. धोटेंनी सगळं ऐकून घेतलं. "पाठवतो न," म्हणाले. "नीट लावून पाठवतो. प्रत्येक नियम का केला ते पण लिहून देतो, म्हणजे तुम्हाला अडायचं नाही."

"मी नागपूरला जिंकवायला बघत होते हो."

"जिंकलंच न, मॅडम. तुम्ही काहून असं बोलून राहिल्या?"

फाइल आली ती लख्ख होती. पुण्याच्या नव्या इमारतीवर मी ती चालवली. जिथे जिथे माणूस मावत नव्हता, तिथे तिथे तिने अचूक बोट ठेवलं. ऑफिसात सगळे वा वा म्हणाले, आणि मला त्या खुर्चीत बसवेना.

महिनाभराने आमच्या संगणक विभागाने 'नागपूर' हे खातं काढून टाकलं. मला कोणी कळवलं नव्हतं. एका शुक्रवारी सवयीने मी हॉस्पिटलचं जुनं मॉडेल उघडलं आणि त्या पाइपपाशी गेले. खात्याबरोबर त्या खात्याचे सगळे शेरेही गेले होते. नागपूरची एक ओळ शिल्लक नव्हती. माझ्या मात्र सगळ्या होत्या, एकाखाली एक. "पाहते. इकडे ढग नुसते येऊन जातात." "हो, मलाही आवडतात." "नाही, अजून नाही." "उशीर झाला. आई वारली." आणि तिच्याखाली पुढच्या आठवड्यातली माझीच ओळ, "बरी आहे. धन्यवाद." दोन वर्षं एक बाई एका बंद खोलीत एकटीच बोलत बसली होती, असं कोणालाही वाटलं असतं. काय आवडतं म्हणून मी लिहिलं होतं ते मला आठवेना. खूप ताण दिला डोक्याला. नाहीच आठवलं.

फोन नंबर माझ्याकडे होता. पण आम्ही कामाशिवाय कधी बोललो नव्हतो, आणि आता काम नव्हतं. शनिवारभर फोन हातात घेतला आणि ठेवला. रविवारी दुपारी मनाचा हिय्या करून लावला.

"बोला मॅडम! काही अडलं का? फाइल चालत नाही का?"

"चालते. काही अडलं नाही."

"मग?"

तिकडे टीव्ही मोठ्याने चालू होता. "थांबा, आवाज कमी करतो," म्हणून ते गेले. टीव्ही बंद झाल्यावर त्या घरात दुसरा कसलाच आवाज उरला नाही, फक्त त्यांच्या सपाता फरशीवरून घासत परत येताना ऐकू आल्या.

"हां, बोला."

"जेवलात का?" मी विचारलं. दुपारचे चार वाजून गेले होते. विचारल्यावर मलाच ते हास्यास्पद वाटलं.

"नाही अजून," ते म्हणाले. "एकट्याचं म्हटलं की राहून जाते. तुम्ही?"

"मीही नाही."

"मग घ्या न वाढून. मी पण घेतो."

मी फोन टेबलावर ठेवला, तसाच चालू. सकाळची खिचडी गरम केली, ताट घेऊन फोनसमोर बसले. तिकडून झाकणी काढल्याचा, मग पेला ठेवल्याचा आवाज आला. फारसं काही आम्ही बोललो नाही. एकदा त्यांनी विचारलं, "सावकाश चाललंय न?" मी हो म्हटलं, आणि आणखी थोडी खिचडी वाढून घेतली.